तक्त्यात न बसलेले अक्षर

१९९० साली दक्षिण कोरियाच्या दूरचित्रवाणीवर एक मालिका आली. नाव होते 'त्तोमबांग गाखा'. यातला 'गाखा' हा शब्द आपल्या 'महामहिम'च्या जातीचा, बड्या अधिकाऱ्याला लावायचा. मालिका कशी होती, तिच्यात कोणी काम केले, हा आपला आजचा विषय नाही. विषय आहे तो तिच्या नावातल्या पहिल्या अक्षराचा. सरकारी मानकाप्रमाणे चालणाऱ्या संगणकावर हे नाव लिहायला कोणी बसला, तर पहिल्याच पावलाला त्याला ठेच लागे. 'दोम' लिहिता येई, 'त्तो' लिहिता येई. 'त्तोम' मात्र लिहिता येत नसे. संगणकाच्या लेखी असे अक्षर जगात नव्हतेच.

आता गंमत पाहा. कळफलकावर 'त्त' होता, 'ओ' होता, 'म'ही होता. तिन्ही कळा शाबूत. घरात तांदूळ आहेत, डाळ आहे, मीठ आहे, चूलही पेटलेली आहे, पण खिचडी शिजवायची नाही, कारण मंजूर पदार्थांच्या यादीत खिचडी नाही! तसलाच हा प्रकार. आणि हे घडले कोणत्या लिपीच्या बाबतीत? जगातल्या सगळ्या लिप्यांमध्ये जी सर्वांत हिशेबी, सर्वांत तर्कशुद्ध म्हणून नावाजली जाते, तिच्या बाबतीत.

त्या लिपीचे नाव हानगुल. तिची जन्मकथा ठाऊक असल्याखेरीज या अडचणीतली बोच कळायची नाही.

बहुतेक लिप्यांना आईबापांचा पत्ता नसतो. त्या शतकानुशतके घडत येतात. हानगुलला मात्र जन्मसाल आहे आणि बापाचे नावही आहे. कोरियाचा राजा सेजोंग याने १४४३ साली २८ अक्षरांची एक नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ मध्ये ती प्रजेच्या हाती दिली. तोवर कोरियात लिहायचे ते चिनी अक्षरांत. हजारो अक्षरे घोकण्याइतकी फुरसत ज्याच्यापाशी, तोच साक्षर. शेतकऱ्याला, बाईमाणसाला, शिपायाला आपले गाऱ्हाणे मांडायचे झाले तर दुसऱ्याचे पाय धरावे लागत. आमची बोली चिनी भाषेहून वेगळी, तिला तो अंगरखा बसत नाही, आणि त्यामुळे साध्या माणसाच्या मनातले मनातच राहते, याची खंत राजाने लिपीच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच नोंदवली आहे. पुस्तकाचे आणि लिपीचेही नाव 'हुनमिन जंगउम', म्हणजे लोकांना शिकवण्यासाठी योग्य ध्वनी.

दरबारातल्या पंडितांना हे रुचले नाही. छ्वे माल्ली नावाच्या विद्वानाने १४४४ मध्ये राजाला निवेदन दिले, की स्वतःची वेगळी लिपी असणे हे मंगोल, जपानी अशा रानटी लोकांचे लक्षण आहे, आपण चिनी संस्कृती सोडू नये. राजाने त्याला आणि त्याच्या साथीदारांना एक रात्र कोठडी दाखवली आणि आपले काम पुढे चालू ठेवले.

ही अक्षरे कशी घडवली तेही त्या पुस्तकात सांगितले आहे. 'ग'चा आकार घशाकडे वळलेल्या जिभेचा, 'न'चा आकार टाळ्याला टेकलेल्या जिभेच्या टोकाचा, 'म' म्हणजे मिटलेले तोंड, 'स' म्हणजे दात. स्वरांसाठी तीनच खुणा: ठिपका म्हणजे आकाश, आडवी रेघ म्हणजे पृथ्वी, उभी रेघ म्हणजे माणूस. कंठ्य, तालव्य, दन्त्य, ओष्ठ्य अशी वर्णांची प्रतवारी आपल्याकडेही पूर्वापार आहे. पण ती उच्चाराची. अक्षराच्या चित्रातच उच्चाराची जागा काढून ठेवण्याची ही युक्ती वेगळीच. पुस्तकाच्या शेवटी जंग इन-जी या विद्वानाचे टिपण आहे. या लिपीत वाऱ्याचा आवाज, बगळ्याचे ओरडणे, कोंबड्याचे आरवणे, कुत्र्याचे भुंकणे, सगळे सगळे लिहिता येईल, असा दावा त्याने केला आहे. हा दावा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

पुढची पाचशे वर्षे या लिपीने सुखात काढली असे नाही. १५०४ मध्ये एका जुलमी राजाच्या विरोधात हानगुलमधली पत्रके लागली, तेव्हा त्याने तिच्यावर बंदी घातली. जपानी अमलात तर भाषेवरच गदा आली. कोरियन शब्दकोश तयार करणाऱ्या भाषामंडळींना १९४२ मध्ये पकडले, हस्तलिखित जप्त झाले. जपान शरण आल्यावर सप्टेंबर १९४५ मध्ये ते बाड सेऊलच्या रेल्वे स्टेशनच्या गोदामात सापडले. ज्या लोकांनी आपला शब्दकोश असा मालधक्क्यावरून परत मिळवला, त्यांना 'हे एक अक्षर नसले म्हणून काय बिघडले?' असे विचारून चालत नाही.

आता लिपीची रचना थोडी समजून घेऊ. आज हानगुलमध्ये मूळ अक्षरे २४ धरतात, १४ व्यंजने आणि १० स्वर. पण ती आपण इंग्रजी लिहितो तशी एकापुढे एक लिहीत नाहीत. उच्चारातला एक तुकडा घ्यायचा आणि त्यातली अक्षरे एका अदृश्य चौकोनात रचायची. 'हान' हा एक चौकोन: वर डावीकडे 'ह', त्याला लागून 'आ', आणि खाली पायाशी 'न'. 'गुल' हा दुसरा चौकोन. आपली बाराखडी डोळ्यांपुढे आणली की हे चटकन कळते. फरक इतकाच, की आपली बाराखडी 'का, कि, की' इथे थांबते. कोरियन बाराखडी 'काक, कान, काम' अशी शेवटचे व्यंजनही पोटात घेऊन पुढे जाते. सुरुवातीला येऊ शकणारी व्यंजने, दुहेरी धरून, १९. मधले स्वर, जोडस्वर धरून, २१. शेवटी येऊ शकणारी व्यंजने आणि त्यांच्या जोड्या २७, आणि शेवटी काहीच नसणे हा एक प्रकार, म्हणजे २८. गुणाकार करा: ११,१७२. आजच्या कोरियन लिपीत होऊ शकणारे सगळे चौकोन इतकेच. एक कमी नाही, एक जास्त नाही.

संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त आकडा कळतो. इंग्रजीतला मोठा 'ए' म्हणजे त्याच्या लेखी ६५. कोणते अक्षर म्हणजे कोणता आकडा याचा तक्ता सर्वांनी मिळून ठरवायचा आणि मग पाळायचा, हीच सगळी मेख. माझ्या काळी बँकेत गुप्त तारांसाठी संकेत-पुस्तिका असे. एका शाखेकडे एक पुस्तिका आणि दुसरीकडे वेगळी, तर तार असून नसल्यासारखी. हे तसेच.

कोरियन अक्षरांचा तक्ता करायला दोन वाटा होत्या. एक वाट अशी की तुकड्यांना आकडे द्यायचे. हिला कोरियन भाषेत 'जोहाप' म्हणजे जुळणीची पद्धत म्हणत. संगणकात दोन बाइट म्हणजे १६ घरे. पहिले घर 'हे कोरियन आहे' एवढे सांगायला राखून ठेवले की उरली पंधरा. पाच घरे सुरुवातीच्या व्यंजनाला, पाच स्वराला, पाच शेवटच्या व्यंजनाला. पाच घरांत ३२ आकडे बसतात आणि आपल्याला हवे आहेत १९, २१ आणि २८. जणू राजा सेजोंगने पाचशे वर्षे आधी माप घेऊन ठेवले होते! दुसरी वाट 'वानसंग'ची, म्हणजे तयार चौकोनांची. प्रत्येक पूर्ण चौकोनाला एकेक आकडा द्यायचा. विटा द्यायच्या, की बांधलेल्या खोल्या द्यायच्या, असा हा प्रश्न.

१९८७ साली कोरियाच्या सरकारी मानकाने खोल्यांची वाट धरली. आणि खोल्या दिल्या २,३५०.

२,३५० च का? वापरात अधिक येणारी अक्षरे निवडली, हे त्याचे उत्तर, आणि ते खोटे नाही. पण मी उभा जन्म आकडेमोडीत घालवलेला माणूस. गोल नसलेला आकडा दिसला की त्याचे अवयव पाडून पाहायची खोड आहे. त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तक्ता ९४ ओळींचा आणि प्रत्येक ओळीत ९४ खण असा असायचा. इंग्रजी टंकलेखनातली डोळ्यांना दिसणारी चिन्हे ९४, त्यावरून हा आकडा आलेला. आता २,३५० ला ९४ ने भागून पाहा. बरोबर २५ येतात. म्हणजे फडताळातले पंचवीस कप्पे काठोकाठ भरले आणि दार लावले. भाषेला किती अक्षरे लागतात, यावरून ही संख्या आलेली नाही. फडताळात किती जागा द्यायची, यावरून आली आहे. उरलेली ८,८२२ अक्षरे दाराबाहेर.

फडताळातले बाकीचे कप्पे कोणाला दिले, हे पाहिले तर राजाचा आत्मा तळमळेल. ५२ कप्पे, म्हणजे ४,८८८ खण, चिनी अक्षरांना. त्यातही २६८ अक्षरे पुन्हा आलेली. एका चिनी अक्षराचे कोरियन उच्चार दोन-तीन असतील, तर प्रत्येक उच्चारापाशी तेच अक्षर पुन्हा मांडले. संगीत आणि आनंद या अर्थाचे एक अक्षर तर नाक, राक, आक, यो अशा चार उच्चारांपायी चार जागा अडवून बसले आहे. आगगाडीत एकाच माणसाने चार बाकांवर रुमाल टाकावेत आणि बाकीच्यांनी दारात लोंबकळावे, यातली गत.

न्यायाने बोलायचे तर समितीतली माणसे मूर्ख नव्हती. जुळणीच्या पद्धतीतले आकडे इंग्रजीच्या आणि यंत्राला आज्ञा देणाऱ्या आकड्यांशी ठिकठिकाणी गल्लत करत. परदेशी यंत्रांशी आणि परदेशी कार्यक्रमांशी जुळवून घ्यायचे तर ९४ गुणिले ९४ ची चौकट सोयीची होती. रोजच्या वर्तमानपत्री मजकुराचे २,३५० अक्षरांत जवळजवळ सगळे भागत असे. बाहेर राहिलेल्यांपैकी पुष्कळ अक्षरे तर कोणी आयुष्यात कधी लिहिणारही नाही. सुटे तुकडे वापरून गाळलेले अक्षर लिहायची एक आडवाटही मानकात होती. पण त्यासाठी दोनऐवजी आठ बाइट लागत आणि ती सोय संगणकांत घालण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

पण 'जवळजवळ सगळे' या शब्दांत कोण राहून जाते? बोलीभाषा राहून जाते. परदेशी शब्द कानाला जसे ऐकू येतात तसे लिहायची हौस राहून जाते. जीपगाडीला लोक 'च्चिप' म्हणत, ते शेवटी फुटणाऱ्या 'प'सह लिहायला तक्त्यात अक्षर नव्हते. कुत्र्याचे भुंकणेसुद्धा लिहिता येईल, हा १४४६ चा दावा १९८७ मध्ये सरकारी शिक्क्यानिशी मागे घेतला गेला, असेच म्हणायचे.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे माणसांची नावे. कोरियन नावे परंपरेने चिनी अक्षरांवरून ठेवत, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शुद्ध कोरियन शब्दांवरून मुलांची नावे ठेवण्याची लाट आली. आईबापांनी प्रेमाने जुने, गोड शब्द शोधून काढले. त्यातल्या एखाद्या शब्दात 'मुइ'सारखे अक्षर असले, की संपले. 'मु' आहे, 'मि' आहे, 'मुइ' हा चौकोन २,३५० मध्ये नाही. मग दाखल्यावर, कार्डावर, पासबुकात त्या मुलीचे नाव कोणते तरी जवळचे अक्षर घालून लिहायचे, नाहीतर तिथे रिकामा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह. आधुनिक अंमलदार तिला सांगणार, बाई, तुमचे नाव चुकले आहे.

नावातल्या एका अक्षराची किंमत काय असते, हे बँकेच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाला विचारावे. आमच्या शाखेत एक काळे नावाचे पेन्शनर होते. इंग्रजीतून फिरून आलेल्या कुठल्याशा कागदावर ते 'काले' झाले होते. माणूस तोच, सही तीच, चेहरा आम्ही वीस वर्षे पाहिलेला. तरी वरच्या कार्यालयाने कागद परत पाठवला. प्रतिज्ञापत्र करायला म्हातारा दोनदा तालुक्याला गेला. मला आजही त्याची लाज वाटते. काळ्यांना निदान आपले नाव हाताने तरी बरोबर लिहून दाखवता येत होते आणि समोरच्याला ते वाचता येत होते. यंत्रापुढे हाताने लिहून दाखवायचीही सोय नाही.

कोरियात या तक्त्याविरुद्ध आवाज उठला, आणि त्यात एक गृहस्थ मला फार आवडतात. गोंग ब्योंग-ऊ हे मूळचे डोळ्यांचे डॉक्टर. १९४९ साली त्यांनी हानगुलचा वेगवान टंकलेखन यंत्राचा आराखडा केला. सुरुवातीची व्यंजने, स्वर आणि शेवटची व्यंजने यांच्या कळा वेगवेगळ्या. म्हणजे राजाच्या रचनेप्रमाणे तीन हिस्से. पुढे सरकारने दुसराच कळफलक प्रमाण ठरवला, तरी डॉक्टरांनी आपला हेका सोडला नाही. ऐंशीच्या घरात असताना, १९८८ मध्ये, त्यांनी हानगुलसाठी एक संस्था काढली आणि संगणकाने झपाटलेल्या पोरांना तिथे बसायला जागा दिली. त्यातच ली छान-जिन आणि त्यांचे सोबती होते. १९८९ मध्ये या मुलांनी 'आरे-आ हानगुल' नावाचा लेखनाचा कार्यक्रम बाजारात आणला. 'आरे-आ' म्हणजे राजाच्या लिपीतला तो ठिपक्याचा स्वर, १९३३ च्या शुद्धलेखन नियमांत बाद झालेला. नावातच सगळी भूमिका आली. हा कार्यक्रम आतून जुळणीच्या पद्धतीने चाले. त्यावर 'त्तोम' लिहिता येई, 'मुइ' लिहिता येई, ११,१७२ पैकी हवे ते लिहिता येई. बघता बघता देशभर तो पसरला.

१९९२ मध्ये मानकाच्या नव्या आवृत्तीला जुळणीची पद्धतही पुरवणीत सामावून घ्यावी लागली. पण तोवर यंत्रे २,३५० वर बसवून झाली होती. १९९५ मध्ये विंडोज ९५ आले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने राहिलेली ८,८२२ अक्षरे तक्त्यात घातली खरी; पण कशी? जुन्या खणांना हात न लावता, जिथे जिथे फटी होत्या तिथे कोंबून. अक्षरे सगळी आली, अनुक्रम गेला. शब्दकोशाच्या क्रमाने यादी लावायची तर दोन्हीकडे उड्या मारत बसायचे. कोरियन अभ्यासक यावर संतापले, आणि त्यांचा संताप मला समजतो. खतावणीत नवी पाने चिकटवून कामे भागवलेली मी पाहिली आहेत. हिशेब लागतो, पण खतावणी हातात घ्यावीशी वाटत नाही.

दरम्यान सगळ्या जगाच्या लिप्यांसाठी एकच तक्ता करण्याचा उद्योग सुरू झाला होता, तोच युनिकोड. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत कोरियाची तीच २,३५० अक्षरे घेतली गेली. १९९३ मध्ये आणखी ४,३०६ घातली, बेरीज ६,६५६. म्हणजे पुन्हा अर्धवट, आणि पुन्हा तुकड्यातुकड्यांनी. कोरियाने आग्रह धरला: ११,१७२ च्या ११,१७२ हवीत, सलग हवीत आणि क्रमाने हवीत. अखेर १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत तसे झाले. पण त्यासाठी आधीची ६,६५६ अक्षरे त्यांच्या जागेवरून उठवून नव्या, मोकळ्या पट्ट्यात न्यावी लागली. जुन्या आकड्यांनी लिहिलेला मजकूर त्या क्षणी निरर्थक झाला. रिकाम्या झालेल्या जागा १९९९ मध्ये दुर्मीळ चिनी अक्षरांना दिल्या गेल्या; त्यामुळे तसला जुना कोरियन मजकूर आज कोणी उघडलाच, तर त्याला अगम्य चिनी दिसेल.

आमच्या बँकेत केंद्रीय प्रणाली आली तेव्हा सगळ्यांचे खाते क्रमांक बदलले. कित्येक वर्षे लोक जुने पासबुक छातीशी धरून येत आणि 'साहेब, हा माझा नंबर' म्हणत. खाते होते, पैसे होते, नंबर तेवढा दुसऱ्याचा झाला होता. त्यामुळे युनिकोडवाल्यांची धास्ती मला नेमकी कळते. तज्ज्ञांच्या कागदपत्रांत या स्थलांतराचे नावच 'कोरियन गोंधळ' असे पडले, आणि समित्यांनी प्रतिज्ञा केली की पुन्हा कधीही, कोणत्याही कारणाने, एकदा दिलेला आकडा हलवायचा नाही. ती आजवर पाळली गेली आहे. चिन्हांच्या अधिकृत नावांनाही पुढे हाच नियम लागला, आणि तो इतका कसोशीने पाळला जातो, की एका कंसाच्या इंग्रजी नावात 'ब्रॅकेट' या शब्दाची दोन अक्षरे उलटसुलट पडली आहेत, तीसुद्धा तशीच ठेवली आहेत. आज तुम्ही-आम्ही मोबाइलवर मराठी लिहितो आणि पन्नास वर्षांनी नातू ते वाचू शकेल असे धरून चालतो, त्या भरवशाच्या मुळाशी ही कोरियाची उठाठेव आहे.

नव्या मांडणीत मात्र राजाची लिपी अशी चपखल बसली, की पाहून हिशेबनिसाला समाधान वाटावे. आमच्या वडिलांच्या काळचे रुपये-आणे-पै आठवा. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. इथे समजा २१ आण्यांचा रुपया आणि २८ पैंचा आणा. सुरुवातीचे व्यंजन म्हणजे रुपये, स्वर म्हणजे आणे, शेवटचे व्यंजन म्हणजे पै, मोजणी शून्यापासून. 'त्तोम' घ्या. व्यंजनांच्या क्रमात 'त्त'चा अंक ४, स्वरांत 'ओ'चा ८, शेवटच्या व्यंजनांत 'म'चा १६. चार रुपयांचे ८४ आणे, वर ८, झाले ९२ आणे. त्याचे २,५७६ पै, वर १६, झाले २,५९२. कोरियन पट्टा ४४०३२ पासून सुरू होतो, ते त्यात मिळवा. ४६६२४. हा 'त्तोम'चा जगभरचा कायमचा पत्ता. उलट हिशेबही तितकाच सोपा: आकडा द्या, भागाकार करा, तिन्ही तुकडे हातात येतात. म्हणजे खोल्या दिल्या, पण प्रत्येक खोलीत विटा मोजता येतात. दोन वाटांचे भांडण शेवटी असे गुणाकारात मिटले.

सगळेच काही असे मिटले नाही. १९९७ च्या अखेरीस कोरियावर आर्थिक संकट कोसळले, आणि 'आरे-आ हानगुल'ची कंपनी डबघाईला आली. तिला बेकायदा नकलांनी आधीच पोखरले होते. जून १९९८ मध्ये बातमी आली, की मायक्रोसॉफ्ट तिच्यात पैसे घालणार, मात्र अट अशी की हा लेखनाचा कार्यक्रम बंद करायचा. देशभर गहजब झाला. सोनेनाणे देशासाठी मोडायला रांगा लावणाऱ्या लोकांनी आता या कार्यक्रमासाठी मोहीम उभारली. महिनाभरात तो सौदा मोडला, देशी पैसा उभा राहिला आणि १५ ऑगस्टच्या, म्हणजे त्यांच्याही मुक्तिदिनाच्या, निमित्ताने '८१५' नावाची खास आवृत्ती दहा हजार वॉनला विकायला आली. फुकट नक्कल वापरणाऱ्यांनी त्या वेळी पैसे मोजून ती घेतली. लेखनाचे एक साधन वाचवायला लोक असे उठल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

उत्तरेची तऱ्हा आणखी वेगळी. उत्तर कोरियाने १९९७ मध्ये आपला तक्ता केला, त्यात किम इल-सुंग आणि किम जोंग-इल या नावांतल्या सहा अक्षरांना वेगळे, खास सहा खण दिले. तीच अक्षरे सामान्य यादीत होतीच. पण नेत्यांच्या नावातली अक्षरे ठळकच उमटली पाहिजेत. युनिकोडमध्ये या सहा खणांना जागा मिळाली नाही. दक्षिणेत एखाद्या पोरीच्या नावाला एक खण मिळेना आणि उत्तरेत दोन माणसांना दुहेरी.

आपण या फेऱ्यात कसे सापडलो नाही, असे कोणी विचारील. देवनागरीचे मानक करणाऱ्यांनी पहिल्यापासून विटांची वाट धरली. १९८८ चा आणि मग १९९१ चा भारतीय संकेत, पुण्याच्या सी-डॅकमधून देशभर गेलेले त्यावरचे काम, आणि त्यावर आधारलेला युनिकोडचा देवनागरी पट्टा, या सगळ्यांत 'क', 'ष', हलन्त, काना, मात्रा एवढेच असते. 'क्ष' किंवा 'र्त्स्न्य' जुळवणे हे यंत्राचे काम. म्हणून १२८ खणांत आपला संसार मावतो. पण विटांचाही त्रास असतो. 'दुसऱ्या'मधला तो मराठीचा खास चंद्रकोरीसारखा 'र' दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिता येतो: एकदा 'र'खाली नुक्ता असलेल्या अक्षराला हलन्त जोडून, एकदा साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. कागदावर दोन्ही सारखे. संगणकाला वेगळे. माझ्या एका कादंबरीच्या फाइलमध्ये 'वाऱ्या' हा शब्द शोधायला गेलो, तर यंत्र म्हणाले, नाही. समोरच्या ओळीत दिसत होता.

कोरियनांच्या वाट्याला हे दुखणेही आलेच आहे. युनिकोडमध्ये त्यांच्या तयार चौकोनांबरोबर सुटे तुकडेही आहेत, आणि ते हवेच होते; कारण १४४६ च्या मूळ पुस्तकातली बाद झालेली अक्षरे ११,१७२ मध्ये नाहीत. राजाचे स्वतःचे पुस्तक उतरवायला सुटे तुकडेच लागतात, आणि त्यांतले कित्येक तर २००९ मध्ये तक्त्यात आले. चौकोन आणि त्याचे तुकडे एकच मानावेत, असा नियम आहे. सगळी यंत्रे तो सारखा पाळतात असे नाही. अॅपलच्या मॅकवरून पाठवलेली फाइल विंडोजवर आली, की तिच्या नावातले चौकोन कधी कधी सुटतात आणि अक्षरे एकापुढे एक रांगेत उभी राहतात: ह, आ, न, ग, उ, ल. सेऊलच्या कचेरीतला कारकून ती रांग पाहतो, ओठांतल्या ओठांत जुळवतो, आणि फाइल उघडतो.